पिकासोचीं तीन व्यक्तिचित्रें

विल्हेल्म ऊडे ह्या नांवाचा एक जर्मन गृहस्थ पॅरिसमध्यें राहात असे. शिक्षण कायद्याचें, पण ओढा चित्रकलेकडे. चित्रें विकत घ्यावीं, चित्रांवर लिहावें आणि ज्यांना बाजारांत कोणी विचारीत नाहीं अशा चित्रकारांच्या पाठीशीं उभें राहावें, हा त्याचा उद्योग. १९१० सालीं पाब्लो पिकासोनें त्याचें एक व्यक्तिचित्र काढलें. त्यानंतर सुमारें पंचवीस वर्षांनीं रोलंड पेनरोज ह्या इंग्रज चित्रकाराला ऊडेची गांठ घ्यावयाची होती. पूर्वीं त्यानें ऊडेला कधीं पाहिलें नव्हतें. ओळखीची खूण म्हणून त्याच्यापाशीं होतें तें एवढें एक चित्रच. माणसांनीं गजबजलेल्या कॅफेंत त्यानें नजर फिरविली आणि ऊडे कोणता तें बरोबर हेरलें.

ही हकीकत पेनरोजनें पुढें स्वतः लिहून ठेविली आहे. चित्र साधें असतें तर तींत सांगण्यासारखें कांहींच नव्हतें. तसबिरीवरून माणूस ओळखणें ही नित्याची गोष्ट आहे. परंतु ज्या चित्रावरून ऊडे ओळखला गेला त्यांत नाक कोठें संपतें आणि गाल कोठें सुरू होतो हें पाहणाऱ्याला खात्रीनें सांगतां येत नाहीं. खांद्याची कड अर्ध्यावर तुटली आहे. कपाळाचे कोनाकोनाचे तुकडे पडले आहेत. अंगांतला कोट आणि पाठीमागचीं पुस्तकें एकमेकांत शिरलीं आहेत. करडा, तपकिरी आणि मातकट पिवळा ह्यांपलीकडे चित्रांत रंग जवळ जवळ नाहींतच. अशा मोडतोडींतून माणूस ओळखूं आला तो कसा?

नभोवाणीवर चित्र दाखवितां येत नाहीं, ही ह्या विषयाची मोठीच अडचण आहे. कदाचित् ती सोयही असेल. घनवादी चित्रांपुढें रसिक गोंधळतात तें बहुधा डोळ्यांच्या उतावळेपणामुळें. डोळ्यांना जें एकदम हवें असतें तें हीं चित्रें एकदम देत नाहींत. शब्दांनीं त्यांच्याकडे जावयाचें तर एकेक खूण घेत सावकाश जावें लागतें, आणि चित्रांची अपेक्षाही तीच आहे.

१९१० ह्या एकाच वर्षांत पिकासोनें अशा रीतीनें तीन माणसें रंगविलीं : आंब्रुआझ व्होलार, ऊडे आणि डॅनिएल-हेन्री कान्वायलर. तिघेही चित्रांच्या व्यवहारांतले. व्होलार हा नांवाजलेला विक्रेता. पिकासोचें पॅरिसमधील पहिलें मोठें प्रदर्शन १९०१ सालीं त्याच्याच दुकानांत झालें होतें. ऊडे संग्राहक आणि टीकाकार. कान्वायलर तिघांत सर्वांत तरुण. १९०७ सालीं पॅरिसच्या व्हिन्यों रस्त्यावर त्यानें चित्रांचें लहानसें दालन उघडलें आणि पिकासो व ब्राक ह्यांच्या नव्या चित्रांवर आपलें भांडवल लाविलें. पैसेवाल्यानें चित्रकारापुढें बसावें आणि चित्रकारानें त्याला त्याच्या मनाजोगा चेहरा द्यावा, असा युरोपांत शतकानुशतकांचा रिवाज. थोडीशी खुशामत ही त्या धंद्याची रीतच. येथें चित्रकार अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा, पुढें बसलेले लोक त्याच्या पोटापाण्याचे आधार. आणि त्यानें त्यांचे चेहरे ठिकऱ्या ठिकऱ्या करून त्यांच्या हातीं दिले. ह्याला नुसता उद्धटपणा म्हणून भागत नाहीं. त्यामागें चारपांच वर्षांची एक झटापट होती.

ती झटापट सुरू झाली गर्ट्रूड स्टाइन ह्या अमेरिकन लेखिकेच्या चित्रापासून. १९०५ च्या अखेरीस ती माँमार्त्रमधील पिकासोच्या पडक्या खोलींत येऊन बसूं लागली. तिच्या सांगण्याप्रमाणें ऐंशी-नव्वद बैठकी झाल्या. एवढ्या बैठकींत धड साधलें, हात साधले, खुर्चींत रेलून बसण्याची तिची भारदस्त ढब साधली. चेहरा कांहीं साधेना. शेवटीं एके दिवशीं पिकासोनें डोकें सबंध पुसून टाकलें आणि १९०६ च्या उन्हाळ्यांत तो स्पेनमधील गोसोल ह्या डोंगराळ खेड्यांत निघून गेला. परत आल्यावर स्टाइनबाईंना पुढें न बसवितां त्यानें तो चेहरा एकटाकीं पुरा केला. डोळे लहानमोठे, पापण्या जड, कातडी लाकडासारखी. चेहरा कसला, मुखवटाच. लूव्र संग्रहालयांत त्याच सुमारास स्पेनमधील प्राचीन आयबेरियन शिल्पें मांडलीं गेलीं होतीं, त्यांचा ठसा ह्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो.

लोक म्हणाले, ही तिच्यासारखी दिसत नाहीं. पुढें ती अशीच दिसूं लागेल, असें त्यावर पिकासोचें उत्तर होतें म्हणतात. ह्या उत्तराचें कौतुक फार झालें आहे. पण त्याहून लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, नव्वद वेळां माणूस समोर बसलें असतांना जो चेहरा सांपडला नाहीं तो माणूस समोर नसतांना सांपडला. डोळ्यांपुढचें रूप आणि मनांतली ओळख ह्या दोन निराळ्या वस्तु आहेत, हें त्या पुसलेल्या डोक्यानें पिकासोला शिकविलें. स्टाइनबाईंनीं तें चित्र जन्मभर जवळ ठेविलें आणि १९४६ सालीं त्या वारल्यावर त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणें तें न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत गेलें.

दुसरा धडा सेझानचा. त्यासाठीं पुन्हां व्होलारकडेच यावें लागतें, कारण सेझाननेंही त्याचें चित्र काढलें होतें, १८९९ सालीं. एका खोक्यावर खुर्ची मांडून तींत व्होलारला बसविलेलें. सकाळपासून हलावयाचें नाहीं. एकदां व्होलारला डुलकी लागली आणि खुर्चीसकट तो खालीं आला. सेझान संतापला. सफरचंद कधीं हलतें काय, असें त्यानें विचारल्याचें व्होलारनेंच आपल्या पुस्तकांत नमूद केलें आहे. एकशेंपंधरा बैठकींनंतर सेझान चित्र सोडून गेला. सदऱ्याचा समोरचा भाग वाईट साधला नाहीं, एवढेंच त्याचें समाधान. हातावर दोन बारीकसे ठिपके रंगावांचून कोरे राहिले होते. ते भरून टाकावे असें व्होलारनें सुचविलें, तेव्हां तेथें चुकीचा रंग पडला तर त्या जागेपासून सबंध चित्र पुन्हां करावें लागेल, अशा अर्थाचें त्याला उत्तर मिळालें.

ह्या उत्तरांत पुढच्या घनवादाचें बीज आहे. सेझानच्या दृष्टीनें चेहरा ही एक सुटी वस्तु नव्हती. कपाळाचा एक तुकडा, पाठच्या भिंतीचा एक तुकडा, बाहीचा एक तुकडा, हे सर्व एकमेकांना तोलून धरीत होते. त्यांतला एक हलविला कीं सारें हललें. १९०६ सालीं सेझान वारला, १९०७ सालीं पॅरिसच्या शरद-प्रदर्शनांत त्याचीं पन्नासाहून अधिक चित्रें एकत्र मांडलीं गेलीं, आणि तरुण चित्रकारांनीं तीं अधाशासारखीं पाहिलीं. पुढल्याच वर्षीं ब्राकनें कान्वायलरच्या दालनांत मांडलेलीं निसर्गचित्रें पाहून लुई व्होसेल ह्या टीकाकारानें तींत सारे घनच घन आहेत असें लिहिलें. त्या थट्टेंतून ह्या पंथाला नांव मिळालें. नांव चुकीचेंच आहे. १९१० च्या चित्रांत घन शोधूं गेलें तर एकही पुरा सांपडत नाहीं. असतात त्या नुसत्या बाजू.

सेझानचा व्होलार पॅरिसच्या पती पाले संग्रहालयांत आहे, पिकासोचा मॉस्कोंत. दोन्ही चित्रांच्या प्रती शेजारीं ठेवून पाहाव्या. पिकासोच्या चित्रांत वरच्या मध्यभागीं व्होलारचें प्रचंड, केशहीन कपाळ घुमटासारखें उजळलें आहे. सबंध चित्रांत मांसाचा उबदार रंग आहे तो बहुतेक तेथेंच. खालीं मिटल्यासारखे डोळे, दबलेलें नाक, दाढी. त्याहून खालीं कोटाच्या खिशांतला रुमाल ओळखूं येतो. ह्या खुणांपासून जसजसें बाहेरच्या कडांकडे जावें तसतशीं पृष्ठें मोठीं, पातळ आणि विरळ होत जातात आणि शेवटीं कोट कोणता व हवा कोणती हें कळेनासें होतें. प्रत्येक तुकड्याला एका कडेनें छाया आहे आणि दुसऱ्या कडेनें तो उघडा आहे. त्या उघड्या कडेनें तो शेजारच्या तुकड्यांत वाहून जातो. उजेड एका खिडकींतून आलेला नाहीं, ज्याचा त्याचा आहे. एका पृष्ठावर डावीकडून, लगतच्या पृष्ठावर उजवीकडून.

ह्या रचनेला फुटक्या आरशाची उपमा नेहमीं देण्यांत येते. ती फसवी आहे. फुटक्या आरशाचे तुकडे जुळविले कीं पूर्वींचें प्रतिबिंब परत मिळतें. येथें जुळविण्याजोगें मूळ प्रतिबिंब नाहींच. तुकडे हेच प्रथम आहेत आणि माणूस त्यांतून उभा राहतो आहे. आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद आणि चौथी मिति ह्यांच्याशींही ह्या चित्रांचा संबंध मोठ्या उत्साहानें जोडला जातो. त्या काळीं पॅरिसच्या कलावंतांत चौथ्या मितीविषयीं गप्पा चालत हें खरें. पण व्होलारचें नाक समजण्यास गणिताची मुळींच गरज नाहीं. गरज आहे ती माणसें आपण प्रत्यक्षांत कशीं ओळखतों हें आठवण्याची. अंधारांत जिन्यावरून कोण येत आहे तें घरांतल्यांना पावलांच्या आवाजावरून कळतें. पाठमोरा माणूस मान कलती ठेवण्याच्या लकबीवरून दुरून ओळखूं येतो. वर्षानुवर्षें रोज पाहिलेल्या माणसाचा चेहरा डोळे मिटून सबंध आठवूं म्हटलें तर आठवत नाहीं. आठवते ती हनुवटी, चष्मा वर सारण्याची तऱ्हा, हंसतांना एका बाजूला जाणारा ओठ. आठवण छायाचित्रासारखी नसते, ती ठिकठिकाणीं ठळक आणि मध्यंतरीं पुसट असते. घनवादी व्यक्तिचित्राची बांधणी नेमकी तशीच आहे.

म्हणूनच ऊडेच्या चित्रांतील लहानसें आवळलेलें तोंड आणि उंच ताठ कॉलर ह्यांना इतका अर्थ आला. कॉलरच्या टणक कडा आणि कपाळाच्या टणक कडा एकाच जातीच्या आहेत. सारा माणूस जणूं इस्त्री केलेला. अतिशय नीटनेटका, किंचित् कोरडा, स्वतःला फार बोलूं न देणारा गृहस्थ त्या कोनाकोनांतून उभा राहतो. पंचवीस वर्षांत केंस जातात, गाल उतरतात. तोंड आवळून धरण्याची संवय मात्र बहुधा टिकते. पेनरोजला कॅफेंत दिसली असेल ती हीच.

तिसऱ्या चित्राची कसोटी सर्वांत कठीण होती. १९१० चा उन्हाळा पिकासोनें स्पेनच्या किनाऱ्यावर कादाकेस येथें काढला आणि परततांना जीं चित्रें आणलीं तीं बरीचशीं अपुरीं होतीं, चित्रकाराचें समाधान न करणारीं. परंतु वस्तूला चोहोंकडून बांधून टाकणारी बंद आकृति ह्याच उन्हाळ्यांत भेदली गेली, असा निर्वाळा पुढें कान्वायलरनें घनवादावरील आपल्या पुस्तकांत दिला आहे. त्या शरद् ऋतूंत तो स्वतःच चित्रकारापुढें बसला. वीसएक तरी बैठकी झाल्या असाव्या. ह्या चित्रांत शरीराची बाह्यरेषा अशी उरलीच नाहीं. उभ्या-आडव्या रेषांची एक विरळ परांची, आणि तींत धुक्यासारखे करडे-तपकिरी डाग.

माणूस येथें खरोखरच नाहींसा होण्याच्या बेतांत होता, आणि तें पिकासोच्या ध्यानांत आलें होतें. चित्र धूर होऊन उडून जाईल असें वाटल्यावरून आपण त्यांत मागाहून कांहीं खुणा घातल्या, असें त्यानें पुष्कळ वर्षांनीं सांगितलें. केंसांची एक लहर. कानाची पाळी. घड्याळाची साखळी. तळाशीं एकमेकांत गुंतवून ठेवलेले दोन हात. ह्या हातांपाशीं आल्यावर पाहणारा थबकतो. वरचा सारा गोंधळ शांतपणें सोसून हा माणूस हात जुळवून, धीर धरून बसला आहे. तीस वर्षेंही पुरीं न झालेला एक दुकानदार, ज्याचा माल कोणी घेत नाहीं, आणि ज्याला आपला माल उत्तम आहे याविषयीं तिळमात्र शंका नाहीं. चेहरा न दाखवितां स्वभाव दाखविल्याचें ह्याहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण.

ह्या मार्गाला मर्यादा नव्हती असें मात्र नाहीं. पुढच्या दोन वर्षांत पिकासो आणखी पुढें गेला, आणि १९११-१२ च्या हिवाळ्यांत त्यानें आपली प्रेयसी एव्हा गुएल हिच्यावरून जें चित्र केलें त्यांत बाई शोधून सांपडत नाहीं. खालीं ठळक अक्षरांत ‘मा जोली’ म्हणजे ‘माझी सुंदरी’ असे शब्द आहेत, ते एका लोकप्रिय गाण्याच्या धृपदांतले. ओळख आतां चेहऱ्यांत नाहीं, खुणांतही नाहीं, नुसत्या लाडक्या नांवांत उरली आहे. चित्र म्हणून तें फार सुंदर आहे. व्यक्तिचित्र म्हणून तें दोघांपुरतें आहे. दुसरीकडे ह्वान ग्रीसनें १९१२ सालीं खुद्द पिकासोचें जें चित्र मांडलें त्यांत तुकडे इतके सुबक आणि पंक्तीनें बसविलेले आहेत कीं चेहरा चटकन् ओळखूं येतो, आणि म्हणूनच कीं काय तो तितका मनांत राहात नाहीं. आणखी कित्येकांनीं तर नेहमीचें चित्र काढून त्यावर पट्टीनें रेघा मारल्या आणि त्याला घनवाद म्हटलें. त्यांच्याविषयीं न बोललेलें बरें. माणूस हरवतो कीं काय अशी भीति आणि तो हातीं येण्याचा आनंद, दोन्ही एकाच वेळीं देणारीं चित्रें थोडीं, आणि त्यांत १९१० चीं हीं तीन येतात.

त्या तिन्ही चित्रांचें पुढें जें झालें तें चमत्कारिक आहे. व्होलारला आपलें चित्र फारसें मानवलें नसावें. १९१३ सालीं त्यानें तें इव्हान मोरोझोव्ह ह्या रशियन संग्राहकाला विकून टाकलें. राज्यक्रांतीनंतर १९१८ सालीं मोरोझोव्हचा सारा संग्रह सरकारनें ताब्यांत घेतला. तें चित्र आज मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयांत आहे.

ऊडे आणि कान्वायलर ह्यांच्यावर त्याआधींच, १९१४ सालीं, प्रसंग आला. ऑगस्टमध्यें महायुद्ध पेटलें, आणि दोघांच्या अंगीं असलेल्या अनेक गोष्टींपैकीं एकच तेवढी हिशेबांत राहिली : दोघे जर्मन. पॅरिसमध्यें काढलेलीं वर्षें, फ्रेंच कलेसाठीं केलेली खटपट, सँलीस गांवीं घरकाम करणाऱ्या सेराफीन ह्या बाईची चित्रें ऊडेनें हुडकून काढलीं तें, कान्वायलरनें जर्मनीच्या बाजूनें लढण्यास दिलेला नकार, ह्यांतलें कांहींही सरकारी कागदांत बसण्याजोगें नव्हतें. ज्यांच्या चेहऱ्याच्या इतक्या बाजू चार वर्षांपूर्वीं चित्रकारानें मांडल्या होत्या त्यांना आतां एकच बाजू उरली. कान्वायलर त्या वेळीं इटलींत होता. तेथून तो स्वित्झर्लंडमध्यें जाऊन राहिला. दोघांचेही चित्रसंग्रह शत्रूची मालमत्ता म्हणून जप्त झाले.

युद्ध संपल्यावरही ते परत मिळाले नाहींत. १९२१ सालीं पॅरिसच्या द्रुओ लिलावगृहांत ऊडेचा संग्रह निघाला, आणि त्याच वर्षापासून १९२३ पर्यंत कान्वायलरचा, चार हप्त्यांनीं. शेंकडों घनवादी चित्रें एकदम बाजारांत आल्यानें भाव कोसळले. लिलावाच्या वेळीं ब्राकनें, जो स्वतः फ्रान्ससाठीं लढतांना डोक्याला इजा होऊन घायाळ झाला होता, तज्ज्ञ म्हणून नेमलेल्या विक्रेत्यावर हात टाकला. कान्वायलरचें व्यक्तिचित्रही त्या मालांत होतें. ज्याचा चेहरा त्याचा नव्हे, सरकारचा. तेंही बोली लागून गेलें, आणि १९४८ पासून तें शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्यें आहे. कान्वायलरनें पॅरिसला परतून पुन्हां दालन उघडलें. दुसऱ्या महायुद्धांत ज्यू म्हणून त्याला पुन्हां लपून राहावें लागलें. त्यांतूनही तो निभावला आणि १९७९ पर्यंत जगला.

ऊडेचें चित्र त्याच्या इतर चित्रांबरोबर १९२१ च्या लिलावांतच गेलें. तो स्वतः १९२४ सालीं पॅरिसला परत आला तो रिकाम्या हातांनीं. भिंतीवर लावावयास जुनें एकही चित्र उरलें नव्हतें. त्यानें पुन्हां चित्रें पाहण्यास आणि घेण्यास आरंभ केला, सेराफीनचा पुन्हां शोध घेतला. १९३८ सालीं नाझी सरकारनें त्याचें जर्मन नागरिकत्वही काढून घेतलें. त्याच्या थोडें आधीं केव्हां तरी, ताठ कॉलरचा हा म्हातारा एका कॅफेंत बसला असतां, एक परका इंग्रज त्याला ओळखून त्याच्याकडे पाहात होता, तो ऊडेच्या घरांतून गेलेल्या त्या चित्रावरून.